साताऱ्यात दोन दिवस मुक्काम, घरच्या सहा जणांचे फोटो काढून घ्यायचेत. फोटोग्राफर कसा ठरवावा?

वैनगंगा_काठ

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शनिवार-रविवार साताऱ्यात आहोत. आई-बाबा (बाबा ७१ वर्षांचे, गुडघे दुखतात), आम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा. सहाही जण एकत्र असलेला एकही धड फोटो घरात नाही, कारण कुणीतरी एक कायम मोबाईल धरून उभा असतो. म्हणून तिथलाच एखादा फोटोग्राफर दोन तासांसाठी ठरवायचाय. प्री-वेडिंगसारखा थाट नको. साधे, घरातल्यासारखे फोटो हवेत आणि त्यातला एक १२ बाय १८ इंचांत फ्रेम करून भिंतीवर लावायचाय.

बेत असा आहे: शनिवारी कासला सूर्योदय, तिथून नऊपर्यंत मेणवलीचा घाट, दुपारी हॉटेलवर. बजेट सगळं धरून १५ हजार. हे जमेल का? अनोळखी गावातला माणूस पारखायचा कसा? ॲडव्हान्स किती द्यायचा, आणि लिहून काय घ्यायचं?

यवतेश्वरचा_वारा

ताई, आधी बेताचं बघू, कारण घोडं तिथंच अडणार आहे.

कास पठार सातारा शहराच्या पश्चिमेला, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढून साधारण २५ किलोमीटर. मेणवली वाईच्या पुढे ३ किलोमीटर, म्हणजे साताऱ्यापासून जवळपास ३८, आणि तेही उत्तरेला. कासहून खाली साताऱ्यात उतरायचं, हायवेने पाचवड फाटा गाठायचा, तिथून वाई. दोन तास गाडीतच गेले. दीड वर्षाचं पोरगं घाटाच्या वळणांनंतर मेणवलीत उतरेल तेव्हा ते फोटोच्या मनःस्थितीत नसेल आणि आईसुद्धा नसेल.

दुसरं, कासचा सूर्योदय. फुलांच्या हंगामात पठारावर प्रवेश ऑनलाइन बुकिंगने आणि ठरलेल्या वेळेत असतो. त्या दिवसांत साताऱ्यात सूर्य सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान उगवतो, तेव्हा फुलांच्या भागात तुम्ही नसता. शनिवार-रविवारी गाडी लांबच्या पार्किंगला लावून पुढे बसने जावं लागतं, तो वेळही धरा. आणि पठार साधारण १२०० मीटर उंचीवर असल्याने सकाळी धुकं भरपूर. पोवई नाक्यावर लख्ख ऊन असताना वर दहा फुटांवरचं दिसत नाही, असं सप्टेंबरमध्ये नेहमी होतं. शहरातलं आकाश बघून कासचा अंदाज बांधू नका.

म्हणून माझं स्पष्ट मत: कास बघायला जा, मनसोक्त बघा, मोबाईलवर चार फोटो काढा. पैसे देऊन बोलावलेला फोटोग्राफर मात्र रविवारी सकाळी मेणवलीला घ्या. शनिवार-रविवारच्या गर्दीत कासला एका जागी अर्धा तास उभं राहता येत नाही, मागून माणसं येतच राहतात. सहा जणांचा फोटो जमायला आधी स्थिर जागा लागते.

मेणवलीत पावणेसातला पोचा, सव्वाआठपर्यंत काम संपवा. नाना फडणवीसांचा वाडा, त्याला लागून कृष्णेचा घाट, मेणेश्वराचं देऊळ आणि तिथल्या छोट्या बांधकामात टांगलेली मोठी पोर्तुगीज घंटा, वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली. सगळं एकमेकांपासून शंभर-दीडशे पावलांत. बाबांना वर पारावर बसवून निम्मे फोटो होतात, पायऱ्या उतरायची गरजही नाही.

वाडा खासगी मालकीचा आहे. आत मोठा कॅमेरा न्यायचा असेल तर आधी विचारून, जे काही शुल्क असेल ते ठरवून ठेवणं फोटोग्राफरचं काम, तुमचं नव्हे. वाई-मेणवली परिसरात सिनेमा-मालिकांची चित्रीकरणं कायम चालू असतात. एखाद्या युनिटने घाट घेतला असेल तर तुम्हाला बाजूला व्हावं लागेल. शुक्रवारी संध्याकाळी गावातल्या कुणाला तरी फोन करून खात्री करायला त्याला सांगा. पाण्याचंही तेव्हाच विचारा. वर धोम धरण आहे. भरलेल्या धरणातून पाणी सोडलं की घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडतात आणि ओसरल्यावर त्यांवर शेवाळ राहतं. त्या पायऱ्यांवर मुलांना अजिबात नेऊ नका, फोटो कितीही छान दिसत असला तरी.

परतताना उरलेला अर्धा तास लिंबच्या बारामोटेच्या विहिरीला देता येईल. ती त्याच हायवेवर, लिंब फाट्याहून आत, साताऱ्यापासून १६ किलोमीटरच्या आसपास. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली, ११० फूट खोल. दहा वाजता घाटावर ऊन डोळ्यांत जातं तेव्हा विहिरीच्या जिन्यात आणि आतल्या महालाच्या कमानीत छान मऊ सावली असते. फक्त वरच्या काठावर मुलांचा हात सोडायचा नाही. बाबांना जिना झेपत नसेल तर विहीर सोडून द्या.

घाटावरची_सावली

वरच्या बहुतेक गोष्टींशी सहमत, पण कास सरसकट बाद करू नका. शनिवारचा पहिला स्लॉट मिळाला तर तिथे पाऊण तासात चांगलं काम होतं. अट एकच, फोटोग्राफरला तिथली पद्धत माहीत हवी.

कासच्या फुलांचा मोठा भाग बोटभर ते वीतभर उंचीचा असतो. गेंद, सीतेची आसवं, तेरडा. सात वर्षांतून एकदा फुलणारी टोपली कारवी तेवढी झुडपासारखी. उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढला तर फुलं जमिनीवर सांडलेल्या रंगासारखी दिसतात. मग नवखा फोटोग्राफर काय करतो? माणसांना फुलांत उभं करतो. जांभ्या दगडावरचा तो मातीचा थर इतका पातळ आहे की सहा जणांच्या दोन मिनिटांच्या उभं राहण्याने तिथली झाडं मरतात, आणि पुढच्या वर्षी त्या जागी उघडा खडकच दिसतो. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटाच्या टापूंमध्ये कास आहे. पण यादीत नसतं तरी हे करायचं नव्हतंच.

नीट पद्धत अशी. पायवाट जिथे वळते तिथे, वाटेवरच, तुम्ही सहा जण उभे राहा. फोटोग्राफर त्याच वाटेवर मागे सात-आठ मीटर जाऊन जवळजवळ आडवा होतो आणि कॅमेरा फुलांच्या उंचीला आणतो. वळणामुळे त्याच्या आणि तुमच्यामध्ये फुलांचा पट्टा येतो. ८५ मिमीची लेन्स, एफ ५.६ (लेन्सचं छिद्र किती उघडं ठेवायचं तो आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान आणि पुढचं-मागचं जास्त स्पष्ट). लेन्सच्या हातभर पुढची फुलं विरघळून रंगाचा पडदा होतात, त्यावर तुम्ही कंबरेपासून वर स्वच्छ दिसता आणि मागे पुन्हा फुलंच. बघणाऱ्याला वाटतं तुम्ही फुलांच्या समुद्रात आहात, आणि एकही रोप पायाखाली गेलेलं नसतं.

एफ ५.६ मुद्दाम म्हटलं. मागची पार्श्वभूमी पुसट यावी म्हणून एफ १.८ वर काढणारे बरेच आहेत. एकट्यादुकट्या माणसाला ते शोभतं, पण सहा जण दोन ओळींत असले की पुढच्या ओळीतली आई स्पष्ट आणि मागचे बाबा धूसर. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर हे कळत नाही, १२ बाय १८ ची प्रिंट हातात आल्यावर कळतं. ग्रुप फोटोनंतर फोटोग्राफरला मागच्या ओळीतला चेहरा स्क्रीनवर मोठा करून दाखवायला सांगा. पाच सेकंदांचं काम आहे.

शटरचा वेगही विचारा. पठारावर वारा थांबत नाही. फुलं हलतात, पदर उडतो, मूल स्वस्थ बसत नाही. १/५०० सेकंदाच्या खाली जाऊ नये, मुलगी पळत असेल तर १/१०००. धुक्यात उजेड कमी पडला तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) ८०० किंवा १६०० पर्यंत वाढवावा. थोडे दाणे चालतात, हललेला चेहरा चालत नाही.

अजून एक चूक कासला हमखास होते. एसी गाडीतून किंवा हॉटेलच्या थंड खोलीतून कॅमेरा एकदम बाहेरच्या दमट हवेत काढला की काचेवर बाष्प धरतं. पुसलं तरी पुन्हा येतं, आणि पहिल्या पंधरा मिनिटांचे सगळे फोटो दुधाळ. एसी बंद करून, काचा उघडून यायचं आणि बॅग गाडीतच १५-२० मिनिटं आधी उघडून ठेवायची.

कपडे. कासला हिरवा, पिवळा, जांभळा टाळा, कारण हेच रंग मागे आहेत आणि माणूस त्यात हरवतो. पांढऱ्याकडे झुकणारा, अबोली, मरून, गडद निळा चांगले. मेणवलीत उलट, तिथे काळा दगड. काळ्या दगडापुढे काळी किंवा गडद निळी साडी म्हणजे नुसता चेहरा तरंगतोय असं दिसतं. सहा जणांनी एकसारखे कपडे घालायची गरज नाही, पण बारीक चौकड्यांचा शर्ट कुणीच घालू नका. कॅमेऱ्यात त्या चौकड्यांवर इंद्रधनुषी लाटा उमटतात आणि त्या एडिटिंगमध्ये नीट जात नाहीत. पदराला दोन जास्तीच्या पिना. जांभा ओला असला की घसरतो, म्हणून सपाट, पकड असलेले बूट-सँडल. फोटोत पाय दिसतीलच असं नाही.

तिसरा_हिस्सा

दोघांनी जागेचं आणि उजेडाचं छान सांगितलंय. मी माणूस आणि पैसा यांवर लिहितो.

पारखायचं कसं? इन्स्टाग्रामवर दोनशे कार्यक्रमांतले दोनशे सर्वोत्तम फोटो असतात, त्यावरून काहीच ठरत नाही. त्याऐवजी एवढंच मागा: "एकाच कुटुंबाचं, एकाच सकाळी काढलेलं पूर्ण काम दाखवा." म्हणजे ग्राहकाला दिलेले ४०-५० फोटो, ओळीने. त्यात तीन गोष्टी बघा. पाच-सहा जणांच्या फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे आणि स्पष्ट आहेत का. वयस्क माणसाच्या चेहऱ्यावर सुरकुत्या शिल्लक आहेत का, की घासून गुळगुळीत केल्यात. आणि सावळा माणूस सावळाच दिसतोय का. आपल्याकडे न विचारता चेहरे गोरे करण्याची खोड फार आहे. आई-बाबांचा भिंतीवरचा फोटो त्यांच्यासारखा दिसायला हवा असेल तर "चेहरे उजळू नका, त्वचा गुळगुळीत करू नका, आकाश बदलू नका" हे शब्द आधीच लिहून पाठवा. नंतर सांगितलं तर सगळं एडिटिंग पुन्हा करावं लागतं आणि तिथे वाद होतो.

पूर्ण काम दाखवायला का-कू करणारा माणूस सोडून द्या. दुसऱ्याचे फोटो आपले म्हणून टाकणारेही असतात. शंका आली तर दोन-तीन फोटो गूगल लेन्सवर टाकून बघा, आणि पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा. कॉलवर "मेणवलीत आठ वाजता ऊन कुठून येतं, आम्हाला कुठे उभं करणार?" एवढं विचारा. ज्याने तिथे काम केलंय तो लगेच सांगतो.

शोधायला राजवाडा, पोवई नाका भागातले स्टुडिओ आहेतच, पण मेणवली ठरलं तर वाईतला माणूस आधी बघा. तो दहा मिनिटांत घाटावर पोचतो. साताऱ्याहून येणाऱ्याला जाऊन-येऊन ७५ किलोमीटर आणि पहाटे साडेपाचला निघणं, त्याचे पैसे तो लावणारच आणि ते रास्तच आहे.

सप्टेंबरअखेरीचा एक फायदा. तुमची तारीख पितृपक्षात येत असेल तर त्या दिवसांत साखरपुडे-बारसे जवळजवळ नसतात, चांगला माणूस मोकळा सापडतो. तोटा असा की फोटो वेळेत मागितले नाहीत तर दिवाळी येते, मग तुळशीचं लग्न, आणि एकदा लग्नसराई सुरू झाली की तुमचे ४० फोटो हजारो लग्नफोटोंच्या खाली जातात. म्हणून फोटो द्यायची तारीख लिहून घ्या, "पंधरा-वीस दिवसांत देतो" हे नको. प्रत्यक्ष तारीख.

पैशांबाबत. "पॅकेज" म्हणून एक आकडा घेऊ नका. शूट, प्रवास, एडिटिंग, प्रवेशशुल्क-परवानगी, प्रिंट असे वेगळे आकडे मागा. मग कळतं की नको असलेला अल्बम किंवा रील त्यात घुसवलंय. तुम्हाला एकच फ्रेम हवी असेल तर प्रिंटही तिथे करू नका, घरी गेल्यावर गावातल्या लॅबमध्ये करा. रंग पसंत पडला नाही तर पुन्हा काढून घेता येते.

देण्याची पद्धत: तारीख पक्की करताना साधारण एक चतुर्थांश, शूट संपल्यावर निम्मे, उरलेले फोटो हातात आल्यावर. पूर्ण रक्कम आगाऊ मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. पण शेवटचा हप्ता अडवून "अजून दहा फोटो द्या" असंही करू नका, ते त्याच्यावर अन्याय करणारं आहे. यूपीआयने देताना समोर येणारं नाव स्टुडिओच्या किंवा त्या माणसाच्या नावाशी जुळतंय का बघा. ॲडव्हान्स परत करायच्या नावाखाली कुणी तुम्हाला क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगितला तर थांबा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

शेवटचा आणि सगळ्यात विसरला जाणारा प्रश्न: "शूटला तुम्ही स्वतः येणार का?" अनेक स्टुडिओ नाव एकाचं सांगतात आणि पहाटेच्या कामाला शिकाऊ मुलगा पाठवतात. येणाऱ्या माणसाचं नाव लिहून घ्या.

वैनगंगा_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बेत बदलला: शनिवारी कास फक्त बघायला, रविवारी मेणवली. वाईतल्या एकाशी बोलणं सुरू आहे, पूर्ण काम त्याने लगेच पाठवलं आणि आवडलं. तीन शंका उरल्यात.

तो म्हणतो ५० एडिट केलेले फोटो देईन, मूळ फाइल देत नाही. हे बरोबर आहे का? मुलांचे फोटो त्याने त्याच्या पेजवर टाकू नयेत असं वाटतं, ते कसं सांगायचं? आणि तो ड्रोनचे अडीच हजार वेगळे सांगतोय. घ्यावा का?

तिसरा_हिस्सा

मूळ म्हणजे रॉ फाइल न देणं सर्रास आहे आणि त्यात वावगं काही नाही. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल २५ ते ३० एमबीची. दीड तासात चारशे-पाचशे क्लिक होतात, म्हणजे १०-१५ जीबी, आणि ती उघडायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. तुम्हाला त्यांचा उपयोग नाही. तुम्ही मागायचं ते हे: एडिट केलेल्या जेपीईजी पूर्ण आकारात, वॉटरमार्क नको. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. १२ बाय १८ इंचांच्या चांगल्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ५४०० बाय ३६०० लागतात, म्हणजे बरोबर पुरतो. पण हेच फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले तर ते दाबून लहान केले जातात आणि मोठी प्रिंट फिसकटते. ड्राइव्हची लिंक घ्या, किंवा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून. लिंक महिन्याभरात बंद करतात, आल्या दिवशीच उतरवून दोन ठिकाणी ठेवा.

आणखी एक, ५० ऐवजी ३५ मागा, पण निवड तुम्ही करणार असं ठरवा. तो सगळ्या क्लिकच्या छोट्या प्रती पाठवेल, त्यातून तुम्ही नंबर कळवायचे. आईचा कोणता हसरा चेहरा खरा तिच्यासारखा आहे ते त्याला कळणार नाही, तुम्हालाच कळेल.

त्याच्या कॅमेऱ्याला दोन कार्ड बसतात का तेही विचारा. दोन्हीवर एकाच वेळी फोटो उतरत असले तर एक कार्ड खराब झालं तरी सकाळ वाया जात नाही. तुम्ही नागपूरकडच्या दिसता; फोटो गेले म्हणून पुन्हा साताऱ्याला येणं सोपं नाही.

कलम_आणि_कॅमेरा

हक्कांबद्दल थोडं. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन तुमच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोच्या कॉपीराइटचे पहिले मालक तुम्हीच असता, उलट करार नसेल तर. हे शेवटचे चार शब्द महत्त्वाचे. पावतीच्या मागे किंवा पीडीएफच्या तळाशी "सर्व हक्क स्टुडिओकडे राखीव" असं छापलेलं असतं आणि ते मान्य करून ॲडव्हान्स दिला की तोच उलट करार. त्यामुळे पैसे पाठवण्याआधी ती ओळ वाचा, आणि एका वाक्यात कळवा: "आमचे, विशेषतः मुलांचे फोटो पेज, वेबसाइट, जाहिरात, स्पर्धा यांपैकी कुठेही आमच्या लेखी होकाराशिवाय वापरू नयेत." चांगला फोटोग्राफर याला हरकत घेत नाही. काही जण त्या बदल्यात थोडे जास्त पैसे मागतात, कारण त्यांची जाहिरात त्याच फोटोंवर चालते. ते मान्य करायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मधला मार्गही असतो: घाटावरचे पाठमोरे, चेहरा न दिसणारे दोन फोटो वापरायला द्या.

ड्रोनला माझा सरळ नकार. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हरित क्षेत्रात, म्हणजे सरकारी नकाशावर ड्रोनसाठी मोकळ्या ठेवलेल्या भागात, ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही, पण २५० ग्रॅमच्या वरचं ड्रोन धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र आणि ड्रोनचा नोंदणी क्रमांक हवा. दोन्ही दाखवा म्हटलं की बरेच जण विषय बदलतात. ते असलं तरी खाली देऊळ आहे, नदीवर आंघोळीला आलेली माणसं आहेत, आणि दीड वर्षाचं मूल त्या आवाजाने बिथरतं. वरून काढलेल्या फोटोत सहा टाळकी दिसतील. भिंतीवर लावायचा फोटो तो नव्हे. ते अडीच हजार वाचवा.

कृष्णामाई_तीर

मुलं आणि बाबा यांच्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

सहा जणांचा फोटो सगळ्यात आधी घ्या, पहिल्या पंधरा मिनिटांत. बहुतेक जण "मूल रुळू दे" म्हणून तो शेवटी ठेवतात आणि तोवर मूल कंटाळलेलं, बाबा थकलेले, ऊन वर आलेलं. आधी सगळे, मग आजी-आजोबा आणि नातवंडं, मग आजी-आजोबा दोघंच. त्यानंतर त्यांना पारावर बसवून चहा द्या आणि तुमचे चौघांचे, मुलांचे खेळतानाचे काढा. हा क्रम फोटोग्राफरला आदल्या दिवशी पाठवा, नाहीतर तो प्री-वेडिंगच्या सवयीने तुम्हा दोघांपासून सुरुवात करेल.

बाबांसाठी घडीची खुर्ची किंवा उंच स्टूल गाडीत टाका. त्यांना बसवून बाकीच्यांनी भोवती उभं राहिलं की डोकी वेगवेगळ्या उंचीवर येतात आणि फोटो भरलेला दिसतो. एका ओळीत सहा जण उभे केले की तो फोटो कार्यालयातल्या सत्कारासारखा होतो.

मुलाला साडेसहाला गाडीतच खाऊ घाला, पण हातात रंगीत बिस्किट किंवा चॉकलेट नको, ते गालाला लागतं आणि प्रत्येक फोटोत दिसतं. फुटाणे-मुरमुरे बरे. शिट्टी वाजवून, टाळ्या पिटून मुलाला कॅमेऱ्याकडे बघायला लावणं बंद ठेवा. आजोबांना त्याच्या कानात काहीतरी सांगू द्या.

आणि एक विनंती. कुणीतरी सज्जनगडावरही फोटो काढा म्हणून सुचवेल. तिथे समर्थांच्या समाधीच्या दर्शनाला जा, पण कॅमेरावाला आणि रिफ्लेक्टर घेऊन नको.

वैनगंगा_काठ

ड्रोन रद्द. क्रम लिहून घेतला. आता एकच काळजी, पावसाची. रविवारी मुसळधार आला तर?

यवतेश्वरचा_वारा

"पाऊस आला तर बघू" असं ठेवू नका, पाऊस म्हणजे काय ते ठरवा. रिमझिम असेल तर शूट होतं, उलट ओला काळा दगड चमकतो आणि रंग उठून दिसतात. दोन मोठ्या साध्या छत्र्या आणा, गर्द एकाच रंगाच्या, बँकेच्या जाहिरातीच्या नकोत. मुसळधार असेल तर तासभर वाट बघायची. तरी थांबला नाही तर वाड्याची ओसरी, परवानगी आधीच घेतलेली असेल तर. ओसरीच्या कडेला, बाहेरून येणाऱ्या उजेडाकडे तोंड करून बसलात की पावसाळी दिवसात तिथले फोटो घाटावरच्यापेक्षाही देखणे येतात. तेही जमलं नाही तर प्रवासखर्च कापून ॲडव्हान्स परत. हे चारही टप्पे आधी कळवून ठेवा. निर्णय रविवारी पहाटे पाचला, फोनवर, आणि वाईचं आकाश बघून. तुमच्या हॉटेलच्या खिडकीतलं नव्हे.

तिसरा_हिस्सा

ताई, सगळं एका निरोपात बसवून देतो. आकडे तुमचे घाला आणि पाठवा. त्याचं "मान्य" असं उत्तर आलं की तोच तुमचा करार.

"नमस्कार. रविवार, तारीख अमुक, सकाळी ६.४५ ते ८.१५, मेणवली घाट आणि वाडा. एकूण सहा जण, त्यात दोन लहान मुलं. शूटला आपण स्वतः येणार. वाड्याची आणि इतर परवानगी, शुल्कासह, आपल्याकडे. सगळ्या क्लिकच्या छोट्या प्रती तीन दिवसांत, त्यातून आम्ही निवडलेले ३५ फोटो एडिट करून अमुक तारखेपर्यंत ड्राइव्हवर, पूर्ण आकारात, वॉटरमार्कशिवाय. चेहरे उजळू नयेत, त्वचा गुळगुळीत करू नये. फोटो आमच्या लेखी होकाराशिवाय कुठेही प्रसिद्ध करू नयेत. एकूण रक्कम अमुक, प्रवास धरून. आता अमुक, शूटनंतर अमुक, फोटो मिळाल्यावर अमुक. मुसळधार पाऊस असल्यास पहाटे ५ वाजता फोनवर ठरवू. वाड्याची ओसरी हा पर्याय. तेही न झाल्यास प्रवासखर्च वजा करून ॲडव्हान्स परत."

कृष्णामाई_तीर

यात एक ओळ वाढवा: "सहा जणांचा एकत्र फोटो सर्वांत आधी." आणि फ्रेमसाठी तो फोटो आडवा आणि उभा असा दोन्ही प्रकारे काढायला सांगा, म्हणजे भिंतीवरच्या जागेप्रमाणे घरी गेल्यावर निवडता येईल.